भीतीचा हिशोब

आठवडाभर डेडलाईन, बग आणि रात्री अडीचला वाजणारा सपोर्टचा फोन यांना घाबरून झालं, की शनिवारी रात्री माणूस खोलीतले दिवे बंद करतो, हेडफोन चढवतो आणि पदरचे पैसे मोजून आणलेल्या गेमसमोर पुन्हा एकदा घाबरायला बसतो. घरच्यांना हा प्रकार कळत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असंही नाही. करमणूक म्हणून घाबरायचं, तेही स्वतःच्या हाताने बटण दाबून?

या गेम्सना 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात. हॉरर म्हणजे भुतंखेतं, झॉम्बी, अंधार वगैरे. सर्व्हायव्हल म्हणजे तग धरणं, हातात आहे ते पुरवून पुरवून वापरणं. बहुतेक लोक पहिल्या शब्दाबद्दल बोलतात. मला विचाराल तर सगळी गंमत दुसऱ्या शब्दात आहे. या गेम्सचा चाळीसेक वर्षांचा इतिहास मला तरी टंचाईचा इतिहास वाटतो. आधी मशीनमध्येच मेमरीची टंचाई होती, म्हणून भीती तयार झाली. मग मेमरी मुबलक झाली आणि टंचाई मुद्दाम तयार करावी लागली. आज जरा तेच पाहू.

सुरुवात ब्रिटनपासून. १९८१मध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स ८१ नावाचा स्वस्त कॉम्प्युटर काढला. त्यात मूळ मेमरी १ किलोबाइट! जास्त हवी असेल तर पाठीमागे १६ किलोबाइटचा एक डबा खोचायचा. रंग नाहीत, आवाज नाही. अशा मशीनवर माल्कम इव्हान्सने 'थ्रीडी मॉन्स्टर मेझ' लिहिला. तुम्ही भुलभुलैयात आहात, त्यात एक टी-रेक्स आहे, आणि तुमच्याकडे शस्त्र म्हणून काहीही नाही. डायनोसॉर दिसायचा तो ठोकळ्याठोकळ्यांचा, आज बघितला तर हसू येईल. पण तो दिसायच्या आधी स्क्रीनवर एखादी ओळ यायची. तो टपून बसलाय, पावलं जवळ येतायत, त्याने तुम्हाला पाहिलंय, पळा. मशीनला आवाज नव्हता, म्हणून पावलांचा आवाज अक्षरांत लिहिला. तो ऐकायचं काम खेळणाऱ्याच्या डोक्यावर सोडून दिलं, आणि डोकं ते काम फार मन लावून करतं.

१९८२मध्ये अटारी २६०० वर 'हाँटेड हाउस' आला. या यंत्राची रॅम १२८ बाइट. किलोबाइट नाही हो, बाइट! एका एसएमएसच्या मजकुराएवढीसुद्धा नाही. माणसाचं आख्खं चित्र काढत बसण्यापेक्षा त्यांनी फक्त दोन डोळे काढले. अंधाऱ्या घरात दोन डोळे फिरतायत, काडी पेटवली की आजूबाजूचं थोडंसं दिसतं. आणि एका वेळी एकच वस्तू उचलता येते. भुताला दूर ठेवणारा राजदंड घेतलात, तर ज्या कलशाचे तुकडे गोळा करायला आलात तो तुकडा खाली ठेवावा लागणार. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. पुढे जे जे झालं त्याचं बीज इथे आहे: दोन गोष्टी हव्यात आणि हात एकच आहे.

ते बीज रुजलं जपानमध्ये. १९८९मध्ये कियोशी कुरोसावा या दिग्दर्शकाचा 'स्वीट होम' नावाचा भयपट आला आणि त्याच वर्षी कॅपकॉम कंपनीने फॅमिकॉमवर त्याचा गेम काढला. दिग्दर्शक टोकुरो फुजिवारा. एका मेलेल्या चित्रकाराच्या वाड्यात भित्तिचित्रांचे फोटो काढायला पाच जण जातात आणि अडकतात. पाचांकडे पाच वेगवेगळ्या वस्तू, आणि बाकी सामान ठेवायला प्रत्येकाकडे अगदी मोजकी जागा. कुणी मेला तर तो मेलाच, परत उठत नाही. लायटरवाला गेला तर त्याचं काम करणारी दुसरी वस्तू शोधायची आणि कुणाच्या तरी आधीच भरलेल्या खिशात ती कोंबायची. दार उघडताना दार उघडल्याचं छोटंसं चित्र, भिंतींवर आधी येऊन गेलेल्यांचे निरोप... पुढच्या दहा वर्षांचा सगळा मसाला यात होता. गेम मात्र जपानबाहेर अधिकृतपणे कधी आलाच नाही.

तिकडे फ्रान्समध्ये फ्रेडरिक रेनाल हा माणूस वेगळ्याच अडचणीशी झुंजत होता. त्याला थ्रीडी माणसं हवी होती, पण त्या काळच्या पीसीला आख्खं घर थ्रीडीत काढणं झेपत नव्हतं. म्हणून १९९२च्या 'अलोन इन द डार्क'मध्ये माणसं आणि राक्षस थ्रीडी, आणि मागचं घर म्हणजे आधीच रंगवून ठेवलेली चित्रं. चित्र हलवता येत नाही, म्हणून कॅमेराही हलत नाही. तो कोपऱ्यात टांगल्यासारखा राहतो, तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलात की दुसऱ्या कोपऱ्यातून बघतो. ही तडजोड होती, पण परिणाम असा की वाडाच तुमच्यावर नजर ठेवून आहे असं वाटायला लागलं. गेम सुरू होतो माळ्यावर. पहिल्याच मिनिटाला खिडकीतून एक प्राणी आत येऊ बघतो. पण तुम्हाला वेळीच सुचलं, तर कपाट ढकलून खिडकी बंद करता येते. बंदूक आहे, पण सगळ्याच गोष्टी बंदुकीने मरत नाहीत. लढण्यापेक्षा डोकं चालवा, असं हा गेम पहिल्या खोलीतच सांगून टाकतो.

आता मुख्य गाडी. कॅपकॉममध्ये फुजिवाराने शिन्जी मिकामी या तरुणावर 'स्वीट होम'ची नवी आवृत्ती करायची जबाबदारी टाकली. त्यातून जे निघालं ते २२ मार्च १९९६ला जपानमध्ये 'बायोहझार्ड' म्हणून आणि बाहेर 'रेसिडेंट ईव्हिल' म्हणून विकलं गेलं. 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नावही त्याच गेममुळे रूढ झालं. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ मेगाबाइट. आज मोबाईलवर काढलेला एक फोटोही बहुधा त्यात मावणार नाही. सगळा वाडा थ्रीडीत करायचा पहिला बेत यंत्राला झेपेना, म्हणून इथेही मागे तयार चित्रं आणि टांगलेले कॅमेरे आले. 'अलोन इन द डार्क'चा प्रभाव मिकामीने पुढे मान्यही केला. दाराआडची खोली डिस्कवरून लोड व्हायला वेळ लागतो, म्हणून मधल्या वेळात काळ्या पडद्यावर दार करकरत उघडताना दाखवलं. आपण लोडिंगला गोल फिरणारं चक्र लावतो, त्यांनी दार लावलं! प्रत्येक दारापाशी काही सेकंद श्वास रोखून उभं राहायची शिक्षा ही खरं तर सीडी ड्राइव्हची कृपा.

पण रेसिडेंट ईव्हिलचं खरं इंजिन म्हणजे सामानाचे कप्पे. क्रिस म्हणून खेळलात तर सहा, जिल म्हणून खेळलात तर आठ. पिस्तूल एक कप्पा, गोळ्या एक, औषधी झुडूप एक, किल्ली एक. झालं, संपलं! बाकीचं सामान पेटीत ठेवा, आणि पेट्या मोजक्याच खोल्यांत. इंजिनियर माणसाला धक्का बसेल अशी गोष्ट पुढे आहे. गेम सेव्ह करायला टाइपरायटर लागतो आणि टाइपरायटरला शाईची रिबन लागते. रिबन मोजक्या, आणि तीही एक कप्पा खाते. म्हणजे आपण दर दोन मिनिटांनी सवयीने जे करतो, त्या सेव्ह करण्यालाच किंमत लावली. आता समोरच्या बोळात एक झॉम्बी आहे. त्याला मारलं तर गोळ्या जाणार. चुकवून गेलो तर परत येताना तो तिथेच असणार. शेवटचं सेव्ह अर्ध्या तासापूर्वीचं आहे. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतरचं पाकीट ज्याने सांभाळलंय त्याला ही आकडेमोड शिकवायला नको. झॉम्बी बिचारा संथ आहे, धावतसुद्धा नाही. पोटात गोळा येतो तो या हिशोबाने.

आणि म्हणूनच सेव्ह करायच्या खोलीत शिरल्यावर ती शांत धून सुरू झाली की जो सुटकेचा निःश्वास पडतो, त्याची सर दुसऱ्या कुठल्या गेमला नाही. एवढ्या गेम्समध्ये एवढी झाडं-डोंगर-समुद्र पाहिले, पण लक्षात राहिली ती एक पेटी आणि एक टाइपरायटर असलेली खोली.

१९९९मध्ये कोनामी कंपनीचा 'सायलेंट हिल' आला. दिग्दर्शक केइचिरो तोयामा, संगीत अकिरा यामाओका. यांनी तयार चित्रांचा मार्ग सोडला आणि आख्खं गाव खऱ्या थ्रीडीत उभं केलं. प्लेस्टेशनला लांबचं काही काढता येईना. मग त्यांनी गावात धुकं सोडलं, आणि धुकं नसेल तिथे अंधार. चार पावलांपलीकडचं काढायचंच नाही! नायक हॅरी हा साधा बाप, हरवलेल्या मुलीला शोधणारा. त्याला नेमबाजी येत नाही, थोडं पळाला की धाप लागते. त्याच्या खिशात एक बिघडलेला रेडिओ असतो, काही जवळ आलं की तो खरखरतो. काहीतरी आहे एवढंच सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. 'मन चिंती ते वैरी न चिंती' असं आपल्याकडे म्हणतात. सायलेंट हिलवाल्यांनी त्या म्हणीचा सॉफ्टवेअर करून विकला. जाता जाता, त्या गावातल्या रस्त्यांना भयकथा आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची नावं आहेत: ब्लॉक, मॅथेसन, ब्रॅडबरी. एक रस्ता बॅकमनच्या नावाचा आहे, म्हणजे स्टीफन किंगच्या टोपणनावाचा. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचत मोठ्या झालेल्या माणसाला अशा गावात घरच्यासारखं वाटलं तर नवल नाही :)

२००१च्या 'सायलेंट हिल २'ने हिशोबाची वही उलटी केली. जेम्सला त्याच्या मेलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधायला त्या गावात जातो. या गेमला अनेक शेवट आहेत. पण कुठे 'हो' आणि 'नाही' अशी बटणं येत नाहीत. तुम्ही जखमी अवस्थेत किती वेळ फिरलात, सोबतच्या बाईची किती काळजी घेतलीत, एक सुरी काढून किती वेळा पाहिलीत, हे गेम गुपचूप मोजत असतो. इतके दिवस तुम्ही गोळ्या मोजत होतात, इथे गेम तुम्हाला मोजतो. त्याच वर्षी टेक्मो कंपनीने 'फेटल फ्रेम' काढला. त्यात शस्त्र म्हणजे कॅमेरा, गोळ्या म्हणजे फिल्म. भुताचा फोटो काढायचा, आणि ते अगदी अंगावर येईपर्यंत थांबलात तरच फोटोचा पुरेपूर उपयोग. चांगली फिल्म वाया घालवायची नसेल तर पळू नका, थांबा आणि बघा!

सायलेंट हिलच्या धुक्याची एक पुढची गोष्ट आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. २०१२मध्ये दुसरा आणि तिसरा भाग नव्या यंत्रांसाठी एकत्र काढले. काम करणाऱ्यांना मूळ गेमचा अंतिम कोड मिळालाच नाही, तो जपूनच ठेवलेला नव्हता, असं त्या कामावरच्या निर्मात्यानेच सांगितलं. हाताशी होता तो अर्धवट कोड, जुने बग सुद्धा त्यात परत आले. आणि नव्या आवृत्तीत धुकं विरळ झालं. मग जे दिसायला नको होतं ते दिसायला लागलं: रस्त्यांच्या आणि पाण्याच्या कडा, जिथे जगच संपतं. यंत्राची ताकद वाढली आणि गाव केविलवाणं झालं. धुकं ही तडजोड होती खरी, पण तोवर तीच मुख्य फीचर झाली होती.

ही जाण येईपर्यंत बरंच पाणी वाहून गेलं होतं. २००५मध्ये खुद्द मिकामीनेच 'रेसिडेंट ईव्हिल ४' काढला. कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आला, गोळ्या वाढल्या, सामान विकणारा व्यापारी आला. गेम अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. आणि टंचाई त्यांनी पूर्ण सोडली नव्हती, लपवली होती. तुम्ही सारखे मरत असाल तर गेम गुपचूप सोपा होतो, छान खेळत असाल तर अवघड होतो. म्हणजे गळ्याशी आलंय ही भावना कायम राहील याची तजवीज आतून चालू असते. पण पाहणाऱ्यांनी उचललं ते वरवरचं. २००९च्या पाचव्या भागात सोबतीला जोडीदार आला. २०१२च्या सहाव्यात तर स्फोट, पाठलाग, हाणामाऱ्या. अंतराळातल्या जहाजावर घडणारा २००८चा 'डेड स्पेस' चांगलाच भीतीदायक होता. त्याच्या २०१३मधल्या तिसऱ्या भागात सगळ्या बंदुकांना एकच गोळी चालायला लागली, आणि सामान बनवायला लागणारा कच्चा माल खरे पैसे देऊन विकत घ्यायची सोय झाली! टंचाईवर ज्याची मदार, त्या गेममध्ये टंचाई घालवायचं दुकान. पाचवा रेसिडेंट ईव्हिल धो धो खपला, हेही सांगायला हवं. हिशोबनिसांच्या दृष्टीने काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते एवढंच, की आता कुणी दारापाशी थांबत नव्हतं.

परतीची वाट स्वीडनमधून निघाली. हेल्सिंगबोर्गच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्याशा कंपनीने २०१०मध्ये 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट' काढला. त्यात शस्त्र नाहीच. कंदिलात तेल मोजकं, काडेपेट्या मोजक्या. उजेडात राहिलात तर राक्षसाला दिसाल, अंधारात राहिलात तर नायकाचं डोकं फिरायला लागतं, आणि राक्षसाकडे टक लावून पाहिलंत तरी फिरतं. म्हणजे धोका पाहण्याची चैनसुद्धा परवडत नाही. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि पावलं दूर जायची वाट बघायची. तीस वर्षांपूर्वीच्या त्या मुक्या मशीनवर शस्त्राविना पळणाऱ्या माणसाचीच ही पुढची पिढी.

२०१४चा 'एलियन: आयसोलेशन' मला इंजिनियर म्हणून सगळ्यात आवडतो. ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने तो केला, जे तोवर मुख्यतः युद्धाच्या डावपेचांचे गेम करत. रिडली स्कॉटच्या १९७९च्या सिनेमातला तो प्राणी, आणि बहुतेक वेळ असा एकच प्राणी. त्याला गोळीने मारता येत नाही. त्याच्या मागे दोन वेगळे मेंदू आहेत. वरच्या मेंदूला तुम्ही कुठे आहात हे नेहमी माहीत असतं. खालच्याला, म्हणजे प्रत्यक्ष प्राण्याला, ते माहीत नसतं. वरचा फक्त अधूनमधून इशारा देतो की त्या बाजूला जरा बघ. मग प्राणी स्वतःच्या कानांनी, डोळ्यांनी शोधतो. तो फार वेळ तुमच्या आसपास घुटमळला, तर वरचा मेंदू त्याला थोडा वेळ लांब पाठवतो. त्याला सगळंच माहीत असतं तर खेळणारा चिडला असता, काहीच माहीत नसतं तर कंटाळला असता. त्या दोहोंच्या मधली माहितीची टंचाई त्यांनी मोजून मापून कोडमध्ये बसवली आहे.

मोजून मापून हा शब्द महत्त्वाचा. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी एका भीतीघरात येणाऱ्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२०मध्ये निष्कर्ष मांडले. भीती आणि मजा यांचा आलेख उलट्या यू सारखा निघाला. भीती फार कमी असेल तर मजा नाही, फार जास्त असेल तरीही नाही, मजा मधल्या पट्ट्यात. जुन्या गेम्सना तो पट्टा हार्डवेअरने नकळत आखून दिला होता. नव्यांना तो स्वतः आखावा लागतो.

आता सुरुवातीचा प्रश्न. पैसे देऊन का घाबरायचं? भयकथा वाचताना आपण पान उलटतो आणि पात्र स्वतःच्या पायाने तळघरात जातं. 'अरे नको जाऊस' म्हणायची सोय आपल्याकडे राहते. गेममध्ये पात्र तळघराच्या दारात उभंच राहतं. तुम्ही बटण दाबत नाही तोवर जगात काही होत नाही. आत जायचा निर्णय, शेवटची गोळी वापरायचा निर्णय तुमचाच. आणि माझ्या मते आकर्षण याच्यात आहे: या भीतीला कडा आहेत. आपली आठवड्याची भीती मोजता येत नाही. कंपनीत कपात होईल का, हप्ते फिटतील का, आईबाबांचे रिपोर्ट काय येतील... हे सगळं धुकं आहे आणि त्याला सेव्हची खोली नाही. गेममधली भीती म्हणजे तीन गोळ्या, एक झुडूप, एक रिबन. तिचा हिशोब मांडता येतो, निर्णय घेता येतो आणि निर्णयाचं फळ पाच मिनिटांत कळतं. भीतीसमोर आपल्याला काहीतरी करता येतं, हा अनुभव रोजच्या जगण्यात फारच दुर्मिळ झालाय.

अर्थात हे सगळं गोड वाटतं ते पॉझचं बटण आहे म्हणून. ज्याने खरोखरची टंचाई भोगली आहे, त्याला या हिशोबात गंमत वाटली नाही तर त्याचंही बरोबर आहे. तीन गोळ्यांचा प्रश्न मजेचा ठरतो तो घरात भाजी-भाकरीचा प्रश्न सुटलेल्या माणसाला. आपण त्या भाग्यवान लोकांपैकी आहोत, एवढं लक्षात ठेवून खेळावं.

हा प्रकार संपेल असं २०१३च्या सुमारास अनेकांना वाटलं होतं. झालं उलटं. २०१७चा 'रेसिडेंट ईव्हिल ७' पुन्हा एका घरात, मोजक्या गोळ्यांवर परतला. २०१९मध्ये दुसऱ्या भागाची आणि २०२४मध्ये 'सायलेंट हिल २'ची नवी आवृत्ती आली, दुसरी पोलंडच्या ब्लूबर टीमने केलेली. आज आख्खं शहर क्षितिजापर्यंत दाखवू शकणारी यंत्रं आहेत, आणि त्यांच्यावरही त्या गावात धुकं सोडलेलंच आहे. आता नाइलाज म्हणून नव्हे, गरज म्हणून.

कधीच खेळला नसाल तर 'रेसिडेंट ईव्हिल २'च्या नव्या आवृत्तीपासून सुरू करा, भीती आणि हिशोब दोन्ही बेताचे आहेत. जरा धीट असाल तर थेट 'एलियन: आयसोलेशन'. त्यात कपाटात लपल्यावर श्वास रोखायचं एक बटण आहे. ते दाबताना स्वतःचाही श्वास रोखलेला आढळला, तर घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं.